माझ्या डोळ्यांना मानवतील असे रंग लावून दिलेस, त्याबद्दल

चि. आमच्या गल्लीतल्या, आता पुण्याला नोकरीला असलेल्या मुलास,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहू नका असं तू बजावलं आहेस, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. कारण संगणकाचे रंग बदलणं म्हणजे रिकामटेकड्यांची हौस, असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले, आणि माझं तर पोट त्या रंगांवर चालतं.

तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी सोलापुरात पूर्व भागात घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, चादरी आणि टॉवेलच्या पाकिटांवरची लेबलं. इथे एकाच घरची पत्रिका कधी मराठीत, कधी तेलुगूत, कधी कन्नडमध्येही लागते, त्यामुळे अक्षराकडे टक लावून बघण्यावाचून सुटका नाही. डोळ्यांचं दुखणं सुरू झालं तसा पांढरा पडदा सोसवेना. सगळे म्हणाले, डार्क मोड लाव. पण काळ्यावर पांढरं अक्षर मला पसरलेलं दिसतं. वेलांटी शेजारच्या अक्षरात शिरते आणि अनुस्वार कुठे संपतो ते कळत नाही. ज्याला अनुस्वार दिसत नाही, त्याने मराठी प्रूफ काय तपासायचं?

तू आलास आणि माऊसला हात लावण्याआधी मला खुर्चीत बसवलंस. "अक्का, कुठल्या रंगावर अक्षर हलत नाही ते सांगा," एवढंच विचारलंस, आणि एकेक जोडी दाखवत गेलास. मला घाई केली नाहीस. फिकट मातकट पिवळ्यावर गडद तपकिरी, हे माझ्या डोळ्यांनी निवडलं. मग तू हिशेब केलास. वेबच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत निदान ४.५ ला १ इतका फरक असावा लागतो. तू तो ७ ला १ च्या वर ठेवलास. उजेड कमी झाला पण अक्षर फिकं पडलं नाही, ते यामुळे.

पुढचं काम किती किचकट होतं ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. माझ्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे. त्यातली जी ॲप जीटीके ३ वर, म्हणजे खिडक्या-बटणं काढून देणाऱ्या तयार सामग्रीवर बांधलेली आहेत, ती निमूट बदलली. त्यांचं सगळं दिसणं, म्हणजेच थीम, सीएसएस या रंगरूप सांगणाऱ्या भाषेतल्या फाइलीत लिहिलेलं असतं, आणि तू त्यात खिडकीचा, मजकुराच्या जागेचा, निवडलेल्या ओळीचा रंग तेवढा बदललास. आपल्या भागात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं: जॅकार्ड मागाचे नक्षीचे पत्ते तेच ठेवायचे आणि सूत दुसऱ्या रंगाचं लावायचं. फाइल मॅनेजर, टेक्स्ट एडिटर, लिब्रेऑफिसचे मेनू, सगळे त्या रंगात आले. मी पानं लावते ते स्क्रायबस मात्र क्यूटी या दुसऱ्याच सामग्रीवर चालतं, त्याला जीटीकेची थीम समजत नाही. त्याच्यासाठी तू क्वान्टम हे क्यूटीच्या थीमचं साधन टाकलंस आणि तिथे हेच रंग पुन्हा भरलेस.

आणि ते पीडीएफ बघायचं नवं ॲप! ते पांढरंच राहिलं. ते जीटीके ४ या नव्या पिढीवर आणि तिच्या जोडीच्या लिबअद्वैतावर बांधलेलं आहे. गनोम या लिनक्स डेस्कटॉपवाल्यांच्या या लायब्ररीची पहिली आवृत्ती २०२१ च्या अखेरीस आली, आणि ती आपण निवडलेली थीम घेतच नाही. उजेड हवा की अंधार, एवढं मानते, आणि २०२४ पासून बटणांसाठी एक ठळक रंग निवडू देते. माझा प्रश्न या दोन्हींत बसत नव्हता. शिवाय ते ॲप फ्लॅटपॅक या पद्धतीने टाकलेलं, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या पेटीत, सँडबॉक्समध्ये बंद. माझ्या होम फोल्डरात ठेवलेली फाइल त्याला दिसणार नाही. तू जीटीके ४ साठी वेगळी सीएसएस लिहिलीस, तिथली रंगांची नावं निराळी आहेत म्हणून सगळी नव्याने भरलीस, आणि फ्लॅटपॅकला ती फाइल असलेल्या एका फोल्डरापुरती, तीही फक्त वाचायची, परवानगी दिलीस. सगळं होम फोल्डर उघडून दिलं असतंस तर काम लवकर झालं असतं. तसं केलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलं आहे.

मी चिडून म्हटलं होतं, ही ॲप बनवणाऱ्या लोकांना आमच्या डोळ्यांची पर्वा नाही का? त्यावर तू दिलेलं उत्तर मला फार आवडलं. २०१९ मध्ये काही ॲप बनवणाऱ्यांनी एक जाहीर पत्र काढलं होतं, ते तू मला समजावून सांगितलंस. त्यांची तक्रार वितरणं, म्हणजे मिंटसारखी लिनक्सची तयार रूपं, बनवणाऱ्यांशी होती: तुम्ही न तपासता सगळ्यांना परकी थीम लावता, आमची बटणं वाचता येईनाशी होतात, चिन्हं गायब होतात, आणि लोक बोल लावतात आम्हाला. स्वतःच्या संगणकावर कोणी स्वतः रंग बदलत असेल तर त्यांची हरकत नव्हती. लगेच तू मला उदाहरणही दाखवलंस: एका जुन्या ॲपमध्ये अक्षराचा रंग पक्का ठरवलेला होता आणि पार्श्वभूमी मात्र थीमवर सोडलेली, त्यामुळे गडद थीम लावली की काळ्यावर काळं. दुसऱ्या बाजूने, मिंटवाल्यांनी २०२४ च्या मिंट २२ मध्ये कॅल्क्युलेटर, सिंपल स्कॅन अशी काही ॲप थीम लागू व्हावी म्हणून मुद्दाम जुन्या जीटीके ३ च्या आवृत्तीवर नेली. दोघांचंही म्हणणं तू मला नीट कळू दिलंस. तरीही मी म्हणेन, अंधार आणि उजेड यांच्या मधले डोळे असलेली माणसं आहेत, आणि त्यांची सोय ॲपच्या आतच असायला हवी.

सगळ्यात मोठे उपकार वेगळेच. मी रंगाचं काम करते, हे तू विसरला नाहीस. पडदा मातकट असला की लेबलावरचा लाल आणि निळा डोळ्यांना खरा दिसत नाही. म्हणून शेवटच्या तपासणीसाठी तू दुसरी, निव्वळ करड्या रंगाची थीम करून दिलीस. स्क्रायबसमधल्या कागदाचा रंग वेगळा बदलता येतो आणि तो छपाईत उतरत नाही, तेही दाखवलंस. मजकूर वाचताना कागद पिवळसर, रंग बघताना पांढरा. आजवर एकाही गिऱ्हाइकाने रंग चुकला म्हणून लेबल परत आणलेलं नाही.

वहीत मराठीत लिहून दिलेल्या पायऱ्या अजून तशाच आहेत. त्या बघून मी माझ्या एका मैत्रिणीच्या संगणकावर थीम लावली. तिला मोतीबिंदूमुळे उजेडाचा त्रास होतो. तिला माझा पिवळा चालला नाही, तिने हिरवट निवडला. तुझीच रीत वापरली, आधी तिला विचारलं.

मिंटची पुढची आवृत्ती आली की काहीतरी मोडेल असं तू सांगितलं आहेस. दोन्ही सीएसएस फायली पेनड्राइव्हवर घेऊन ठेवल्या आहेत. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा जेवायलाच ये, आईलाही आण. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुण्याला न्यायला बांधून ठेवते.

तुझी,
अक्का
सोलापूर