तीन वाजताची कादंबरी

ठाणे,
रविवार सकाळ

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

परवा तू घरच्या ग्रुपवर फोटो टाकलास. तुझ्या किंडलवर ओळीनं सात-आठ गुलाबी-पिवळी मुखपृष्ठं आणि खाली तुझा प्रश्न, ‘आई, हे काय चाललंय?’ त्यावर तुझ्या काकांचे हसरे चेहरे. मी तिथे उत्तर दिलं नाही. ग्रुपवर दोन ओळींत काहीतरी गमतीचं लिहावं लागतं, आणि मला गंमत करायची नव्हती. शिवाय सायलीनं दिवाळीला किंडल दिलं तेव्हा ते तुझ्याच खात्याला जोडलं होतं, हे मी साफ विसरले होते. त्याचा राग माझा माझ्यावरच.

तर, हो. मी प्रेमकथा वाचते. दोन वर्षं झाली. त्यातही मला एका जातीच्या लागतात: नायिका स्वयंपाकघरात, घरात माणसं भरपूर, आणि एकतरी बहीण हवी. सख्खी नसेल तर चुलत चालेल. नुसता समुद्रकिनारा आणि दोन देखणी माणसं असली की मला विसाव्या पानावर झोप येते.

पण मी एकटी वाचत नाही, हे तुला ठाऊक नाही. तुझी माईमावशी आणि मी मिळून वाचतो. रोज दुपारी तीन वाजता मी तिला वेंगुर्ल्याला फोन लावते, आदल्या रात्री वाचलेला भाग मराठीतून सांगते, आणि ती ऐकता ऐकता मेथी निवडते, नाहीतर कुळीथ पाखडते. मोतीबिंदू काढले तरी बारीक अक्षर तिला आता दिसत नाही, आणि इंग्रजी मॅट्रिकपुरतंच. लहानपणी हे उलटं होतं. वाचनालयातून मी पुस्तकं आणायची, पिशवीत खाली कादंबरी आणि वर भाजी, आणि रात्री कंदिलाशी ती मला वाचून दाखवायची. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे. भाऊ, म्हणजे तुझे आजोबा, विचारायचे, ‘हे वाचून पोट भरतं काय?’ माई म्हणायची, ‘भरतं.’

सुरुवात केली ती सोनाली देव या लेखिकेपासून. मुंबईत वाढलेली, आता शिकागोजवळ राहते. कॅलिफोर्नियातल्या एका मराठी राजघराण्यावर तिच्या चार कादंबऱ्या आहेत. घराण्याचं आडनाव राजे. ते ऐकल्याबरोबर माई म्हणाली, ‘म्हणजे शैलजा राजेंची कोण?’ चारही कादंबऱ्यांना जुनी इंग्रज लेखिका जेन ऑस्टिन हिच्या कादंबऱ्यांचा सांगाडा आहे. २०१९ ची पहिली, तिच्यात नायिका मेंदूची शल्यविशारद आणि नायक शेफ. तो शेफ त्या देशात आलेला असतो तो बहिणीसाठी, तिच्या मेंदूत गाठ आहे म्हणून. मला ते आवडलं. प्रेमकथेतला पुरुष आधी कुणाचा तरी भाऊ आहे, हे आपल्या फडक्यांच्या नायकांना फारसं सुचायचं नाही.

पण खरी जमली ती दुसरी, ‘रेसिपी फॉर पर्सुएशन’, २०२० ची. अश्ना नावाची मुलगी, वडील गेल्यावर त्यांचं पालो आल्टोमधलं रेस्टॉरंट ओढत असते. वडिलांच्या पाककृतींबाहेरचं काही करायला गेली की तिला धडकी भरते, हात चालेनासे होतात. रेस्टॉरंट बुडायला आलेलं, म्हणून ती टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत उतरते, आणि जोडीदार म्हणून तिच्या वाट्याला येतो शाळेतला जुना मित्र, जो आता जगप्रसिद्ध फुटबॉलपटू झालेला आहे. आता हे मी माईला सांगतेय, तर ती मध्येच, ‘रेस्टॉरंट बापसाचा, आनी राबतली ही.’ एवढं एक वाक्य. मी पुढे सांगायचं सोडून दोन मिनिटं गप्पच बसले.

एरवी मात्र ती मला सुखानं सांगू देत नाही. कुणी काही शिजवायला लागलं की तिची उलटतपासणी सुरू होते. कांदा लाल केला की नुसता मऊ? नारळ कुठला? पुस्तकात दिलेलं नाही म्हटलं की निकाल ठरलेला, ‘मगे तिका रांदूक येणा नाय.’ आणि दुसरी अडचण तुला लिहावी की नाही कळत नाही, पण तू आता लग्न झालेला आहेस. या कादंबऱ्यांत काही पानं अशी असतात की ती थोरल्या बहिणीला फोनवर सांगायची म्हणजे पंचाईत. मी पहिल्यांदा सांगितलं, ‘मग पुढची चार पानं त्यांचं जमलं.’ पलीकडून आवाज, ‘जमला म्हणजे काय ता नीट सांग गो. मी काय ल्हान आसंय?’ ती ६८, मी ६२. बाबा तेव्हा समोर शब्दकोडं सोडवत असतात. तीन ते चार या वेळात त्यांचा एकही शब्द सुटत नाही.

तू एकदा म्हणाला होतास, शेवट माहीत असतो तर वाचायचं कशाला. तू २ एप्रिल २०११ ची मॅच दर वर्षी बघतोस. धोनी षटकार मारणार हे तुला माहीत नसतं काय? मला शेवटाची खात्री हवीच असते. शेवट गोड होणार हे पक्कं असलं की मधलं भांडण नीट ऐकता येतं. कोण कुणाला काय बोललं, कोण ताट सोडून उठलं, याकडे लक्ष जातं. नाहीतर सगळा जीव ‘वाचेल ना?’ यातच अडकतो.

दोषही आहेत. सगळेच फार श्रीमंत. घरातला प्रत्येक जण डॉक्टर, पुढारी, नाहीतर सिनेमातला. भूतकाळातलं एक गुपित असतंच, आणि ते सांगायला तीनशे पानं लावतात, जे माई पाच मिनिटांत वदवून घेईल. दोघांचं जमायला जो उशीर लागतो त्याला सायली ‘स्लो बर्न’ म्हणते. माईनं त्याला ‘मंद आचेवर’ असं नाव दिलंय. ‘आज आच किती?’ अशी चौकशी होते.

मागच्या पावसाळ्यात मात्र मी जरा चूक केली. तिला बदल म्हणून एक जुनी मेक्सिकन कादंबरी सांगायला घेतली, लॉरा एस्किव्हेलची, १९८९ ची. बारा महिन्यांची बारा प्रकरणं, प्रत्येकाच्या सुरुवातीला एक पाककृती. यांतल्या बऱ्याच कादंबऱ्यांची ती आजी म्हणायला हरकत नाही. तिता नावाची धाकटी मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जन्मते, आणि जन्मताना एवढी रडते की वाळलेल्या आसवांचं मीठ पोत्यात भरून ठेवतात आणि स्वयंपाकाला वापरतात. माई खूश. पुढे तिता ज्याच्यावर प्रेम करते त्याचं लग्न तिच्याच थोरल्या बहिणीशी लागतं, आणि त्या लग्नाचा केक करताना तिताची आसवं पिठात पडतात. केक खाल्ला की सगळे पाहुणे हुंदके देऊन रडायला लागतात. माई म्हणाली, ‘मग मीठ कमी घालूक होया होता.’ इथवर सगळं झकास.

पण तिताचं लग्न का होत नाही, तर त्या घराण्याची रीत अशी की धाकट्या मुलीनं लग्न करायचं नाही, आईला मरेपर्यंत सांभाळायचं. हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण सांगताना मला काही वाटलं नव्हतं. माझं डोकं गोष्टीत. माईनं लग्न केलं नाही आणि आईजवळ राहिली, हे आपल्या घरात इतकं जुनं झालंय की कुणाला दिसतच नाही. मलाही दिसलं नाही बघ. केकच्या दुसऱ्या दिवशी तिनं फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या मुलाला पाठवून पाहिलं, तर ती परसात माडाची झापं गोळा करत होती, ठणठणीत.

चौथ्या दिवशी उचलला. म्हणाली, ‘त्या पोरीक आवशीन अडवलान. माका कोणी अडवूक नाय. मग मी कोणावर रागावतलंय?’

मी काही बोलले नाही. काय बोलणार? ठाण्याला बिऱ्हाड करून आलेली मी. थोड्या वेळानं तीच म्हणाली, सांग पुढचं, ती दुसरी बहीण पळाली तिचं काय झालं. ती सैन्यात जाऊन सेनानी होते हे ऐकल्यावर तिला बरंच बरं वाटलं.

त्यानंतर मी जेन ऑस्टिनकडे वळले. प्रेमकथा बाजूला ठेवून तिचीच गोष्ट सांगितली, कारण त्यातही बहिणी आहेत. जेन आणि कॅसांड्रा, दोघींनी लग्न केलं नाही. एकमेकींपासून लांब असल्या की पत्रं, आणि पत्रांत आज काय शिजलं, कुणाचा झगा कसा होता, हेच सगळं. १८१७ मध्ये जेन गेली, आणि पुढे कॅसांड्रानं तिची बरीचशी पत्रं नष्ट केली. अभ्यासक लोक त्याबद्दल अजून हळहळतात. माई म्हणाली, ‘बरा केल्यान. भयणीची पत्रां काय लोकांनी वाचूची?’ (आणि मी इथे तुला सगळं लिहितेय. तिला सांगू नकोस.)

उरलेल्या पत्रांपैकी १७९८ च्या एका पत्रात जेन लिहिते की मी घर फार छान चालवते. का, तर घरात तेच पदार्थ होतील याची काळजी घेते जे मला स्वतःला आवडतात, आणि गृहिणीपणाचा मुख्य फायदा तोच. मी हे हसत हसत सांगितलं. माई हसली नाही. मेथीचा आवाज थांबला. मग म्हणाली, ‘आपल्या आयेक काय आवडायचा गो?’

निनाद, आम्हाला सांगता येईना. भाऊंना तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. मला शिरवाळे, नारळाच्या रसात. माईला तवशाचं धोंडस. आत्येला फणसाची भाजी, तीही कोवळ्या फणसाची. सगळ्यांचं तोंडपाठ. आई शेवटी जेवायची. माई म्हणाली, खरवड आवडायची, टोपाच्या तळाची. मी म्हटलं, आवडायची की उरायची? त्यावर दोघी गप्प. फोन चालू, पैसे जात नाहीत म्हणून ठीक. पलीकडे तिच्या अंगणातला कावळा ऐकू येत होता.

मी रात्री बाबांना विचारलं, त्यांना कुठून माहीत असणार. दुसऱ्या दिवशी कादंबरी नाही, तेच चालू. आईच्या हातचं आठवायला लागलो की वीस पदार्थ आठवतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन वाजला. मला वाटलं कुणाचं काही झालं. माई ओरडून सांगत होती, ‘पाव!’ भाऊ एकदा कोर्टाच्या कामासाठी मुंबईला गेले होते, आत्या तिच्या सासरी. त्या संध्याकाळी आईनं चूल पेटवली ती फक्त चहापुरती. माईला बेकरीत पाठवून कडक पाव आणवले, आणि आम्ही तिघी पडवीत बसून चहात बुडवून पावच जेवलो. आईनं चार खाल्ले. मला ते आठवत नाही, मी लहान होते, पण माई सांगते, आई मोजत होती आणि हसत होती, आणि म्हणाली की भाऊंना सांगू नका. दोन वेळा भात शिजणाऱ्या त्या घरात आईला पाव आवडायचा!

माईनं सकाळी सात वाजता बेकरीतून कडक पाव आणले आणि तीन वाजता मला फोनवर चहात बुडवल्याचा आवाज ऐकवला. मी इकडे खारी घेतली, आमच्या कोपऱ्यावर तसा पाव मिळत नाही.

एवढं सगळं तुला ग्रुपवर कसं लिहिणार होते?

सायलीला सांग की तिनं सुचवलेली ती बेकरीवाली कादंबरी मला जमली नाही, फार साखर आहे. दुसरं काही असेल तर पाठव म्हणावं, बहिणी असल्या तर उत्तम. आणि तू किंडलवरचं काही काढू नकोस, उघडूही नकोस. सध्या राजे घराण्यातली चौथी, ‘द एम्मा प्रोजेक्ट’, चालू आहे. मी ६१ टक्क्यांवर आहे. मागच्या आठवड्यात तू काहीतरी दाबलंस आणि माझं पान हरवलं, त्यामुळे माईला एकच भांडण दोनदा ऐकावं लागलं. तिला ते दुसऱ्यांदाही आवडलं, ती गोष्ट वेगळी.

तुझी,
आई