तारण सुटले, पुढचा हिशेब कोणाचा?

मा. संपादक,

ख्रिस्ती माणसाला आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : "विश्वास ठेवला की पाप माफ, मग काय, रान मोकळं?" प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. आमच्या मंडळ्यांतही (चर्चमध्येही) त्याचे उत्तर बऱ्याचदा गुळमुळीत दिले जाते, म्हणून हे पत्र.

पापातून होणाऱ्या सुटकेला आम्ही 'तारण' म्हणतो. गहाण ठेवण्याच्या अर्थाने हा शब्द सांगलीकराला समजावून सांगायला नको. पतसंस्थेत सोनार दागिना कसोटीवर घासतो, खडे आणि लाख वजा करून निव्वळ वजन लावतो, पुडी सीलबंद होऊन तिजोरीत जाते. मुद्दल आणि व्याज भरले की पुडी समोर फोडून वजन दाखवतात. या सगळ्यात दागिन्याने स्वतः काही केलेले नसते. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल हेच सांगतो : सुटका कृपेने, विश्वासाच्या द्वारे, स्वतःच्या कमाईने नव्हे. रोमकरांस पत्रात याला 'खंडणी' म्हटले आहे. आज तो शब्द गुन्ह्यांच्या बातम्यांत गेला, पण तिथे त्याचा अर्थ सुटकेची किंमत एवढाच. उपमा मात्र फार ताणू नये. ही किंमत नेमकी कोणाला चुकती झाली, यावर धर्मपंडित शतकानुशतके भांडले आहेत. तिथे पतसंस्थेचा मॅनेजर शोधत बसण्यात अर्थ नाही.

पण सोडवलेला दागिना कोणी पुन्हा पेटीत टाकत नाही, अंगावर घालतो. इफिसकरांस पत्राच्या त्याच अध्यायाच्या दहाव्या ओवीत सत्कृत्ये येतात, ती सुटकेनंतर. मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभे राहिले, तेव्हापासून रुग्णसेवा बघून अनेकांना वाटते की ही मंडळी स्वर्गासाठी पुण्य साठवतात. क्रम उलटा आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय बघा. येशू आधी त्याच्या घरी उतरतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे जक्कय त्यानंतर बोलतो.

आता व्यवहार. बायबलच्या जुन्या करारातल्या गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नियम आहे : पाप कबूल करायचे, मुद्दल परत करायचे आणि वर एक पंचमांश भरायचा. दहा हजार बुडवले असतील तर बारा हजार. हा नियम इस्राएल लोकांसाठी होता, ख्रिस्ती माणसावर कायदा म्हणून लागू नाही. पण कृतज्ञतेचे माप म्हणून वापरायला उत्तम. वहीत नाव, रक्कम आणि अंदाजे साल लिहावे. ज्याचे बुडवले त्याच्याकडे आधी जावे, पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) नंतर. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तर अर्पण वेदीपुढे तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे, म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वीचा आठवडा यासाठीच. भेटल्यावर केलेली गोष्ट एका वाक्यात सांगावी, त्यात 'पण' नसावा. "मापात दर किलोला पन्नास ग्रॅम मारत होतो" ही कबुली झाली. "काही चुकलं असेल तर माफ करा" ही कबुली नव्हे, चुकलेच नसेल अशी त्यात सोय आहे. पैसे एकदम नसतील तर हप्ते लिहून द्यावेत. माणूस वारला असेल तर वारसांना द्यावेत; वारसच नसेल तर गणना पुस्तकाप्रमाणे ती रक्कम अर्पणात जाते.

बिघडते ते इथेच. लोक शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात. शेजाऱ्याचे बुडवलेले पैसे कृतज्ञता अर्पण म्हणून दानपेटीत पडतात, यादीत नाव वाचले जाते आणि शेजारी तसाच राहतो. दुसरी खोड साक्षीची, म्हणजे आपण कसे बदललो ते सभेत सांगण्याची. व्यासपीठावरून जुन्या पापांचे वर्णन इतके रंगते की ज्याला फसवले त्याचेही नाव चव्हाट्यावर येते. "देवाने मला माफ केलंय" हे तर देणेकऱ्याने सावकाराला ऐकवायचे वाक्यच नव्हे. पौलाने फिलेमोनाला लिहिताना त्याचा गुलाम अनेसिम याचे काही देणे असेल तर ते "माझ्या नावावर मांड" म्हटले आणि फेडीन असे स्वतःच्या हाताने लिहून दिले. देवाच्या क्षमेचा दाखला देऊन देणे टाळले नाही.

मारहाणीच्या घरात नवऱ्याला पश्चात्ताप झाला म्हणून बायकोला त्याच रात्री परत पाठवणे हा तर गुन्ह्याला हातभार आहे. आधी तिची सुरक्षितता बघावी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ख्रिस्ती घरालाही तितकाच लागू आहे. क्षमा कधी करायची ते तिने ठरवावे, मंडळीच्या वडिलांनी (चर्चच्या पुढाऱ्यांनी) नव्हे.

आणि दारू. अनेक वर्षे रोज भरपूर पिणारा माणूस प्रार्थनासभेत बाटली फोडून घरी जातो. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत हात कापतात, कधी झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होऊन तो बरळू लागतो. घरचे म्हणतात सैतान आला, आणि हात ठेवून प्रार्थना सुरू होते. हा सैतान नसतो, शरीरातून दारू अचानक तुटल्याचा परिणाम असतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. प्रार्थना जरूर करावी, पण रुग्णालयात नेताना वाटेत. डॉक्टरांना शेवटचे कधी आणि किती प्याला ते खरे सांगावे. तिथे "सोडली आहे" एवढेच सांगून भागत नाही.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, मिरज (जि. सांगली)