एलईडी ट्यूब वॉरंटीतच बंद पडल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: २० वॅटच्या एलईडी ट्यूब बदलून मिळण्याबाबत

महोदय,

सोलापुरात माझा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. गेल्या दिवाळीत चोकच्या जुन्या ट्यूब काढून तुमच्या ४० एलईडी ट्यूब बसवल्या. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅटच्या आसपास खायची. म्हणजे दहा तासांच्या कामात रोज १२ युनिट वाचायला हवे होते, आणि सुरुवातीला वाचलेही.

उन्हाळा लागला तशा ट्यूब लुकलुकू लागल्या. त्यातल्या ११ पार बंद आहेत, बाकीच्या बऱ्याच मंदावल्या आहेत. नेव्ही ब्लू कापडावर त्याच रंगाच्या दोऱ्याची टीप दिसत नाही. शिवणाऱ्या बायकांची डोकी दुखतात. लुकलुकत्या उजेडात मशीनचं फिरतं चाक थांबल्यासारखं भासू शकतं, हे तर सरळ धोक्याचं आहे. आणि हे सगळं जूनच्या आधी, आमच्या ऐन हंगामात!

तुमचे डीलर म्हणतात, व्होल्टेज वरखाली झालं, वॉरंटी लागू नाही. खोक्यावर १४० ते ३०० व्होल्ट कोणी छापलं? आमच्या वायरमनने बंद पडलेली एक ट्यूब उघडून दाखवली. एलईडीचे दाणे शाबूत, ड्रायव्हरमधला, म्हणजे त्या दाण्यांना हवी तशी वीज देणाऱ्या सर्किटमधला, कंडेन्सर फुगलेला. उष्णतेने तो आधी जातो, हे तुमच्या इंजिनिअरांना ठाऊक असणारच. मग सोलापुरात विकायच्या मालात असा कंडेन्सर का घालता? खोक्यावर २५,००० तास लिहिलंय. वर्षाला ३,००० तास धरले तरी आठ वर्षं होतात.

आता टेबलांवर जादा दिवे लावावे लागले, आणि वाचलेले युनिट त्यातच जाताहेत. वॅट कमी लागणं ही बचत नव्हे. तेवढ्या वॅटमध्ये छापलेला २,००० ल्युमेन उजेड मिळाला, तरच ती बचत. स्वस्त एलईडी बल्ब देणाऱ्या २०१५ च्या सरकारी उजाला योजनेपासून लोकांनी एलईडीवर विश्वास टाकला, घरोघरी जुने बल्ब काढले. अशा मालाने तो विश्वास उडतो, याचा मला जास्त राग आहे.

सर्व ४० ट्यूब बदलून द्या, किंवा बिलाची पूर्ण रक्कम परत करा. शिवाय ड्रायव्हर सुटा विकायला ठेवा; एका कंडेन्सरपायी अख्खी ट्यूब भंगारात जाऊ नये. बिल, वॉरंटी कार्ड आणि फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन.

आपली,
गणवेश कारखान्याची मालक
सोलापूर