आठ दिवसांची घाई नडली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आइस हॉकीतल्या मिक्को रांतानेनच्या अदलाबदलीत 'सगळ्याच संघांचं भलं झालं', असं आपल्या क्रीडापानावर वाचलं. मी डेन्व्हरला राहतो. कोलोरॅडो अ‍ॅव्हलँचचा एकही सामना आमच्या घरी चुकत नाही. मला हे मत अजिबात पटलेलं नाही.

एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगमध्ये संघाच्या पगारखर्चाला मर्यादा असते, आयपीएलच्या पर्ससारखी. रांतानेनचा करार २०२५ च्या उन्हाळ्यात संपणार होता आणि नवा काही जमेना. २४ जानेवारीला कोलोरॅडोने त्याला कॅरोलायनाकडे धाडलं. बदल्यात मार्टिन नेचास व जॅक ड्ररी हे खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या (म्हणजे नवे खेळाडू घेण्याच्या फेऱ्यांतल्या) दोन निवडी घेतल्या. बरोबर एका आठवड्याने लीगने पुढच्या तीन हंगामांच्या मर्यादा जाहीर केल्या: ८ कोटी ८० लाख डॉलरवरून आधी ९ कोटी ५५ लाख, मग १० कोटी ४० लाख आणि तिसऱ्या वर्षी ११ कोटी ३५ लाख. एवढी कळ काढायला काय हरकत होती?

पुढे ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोने नेचासशीच आठ वर्षांचा करार केला, वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलरचा. रांतानेन पुढे ज्या डॅलस संघात गेला, तो त्याला वर्षाला १ कोटी २० लाख देतो. म्हणजे वाचले फक्त ५ लाख डॉलर! नेचास वेगवान आहे, दोनेक वर्षांनी लहानही आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २०२२ चा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून देणाऱ्या, आपल्याच संघात घडलेल्या खेळाडूवर एवढ्यासाठी पाणी सोडायचं?

कॅरोलायनाला लोक उगाच नावं ठेवतात. रांतानेन तिथे १३ सामने खेळला आणि त्याने दोनच गोल केले, हे खरं. पण तो राहणार नाही हे दिसताच ७ मार्चला त्यांनी त्याला डॅलसला दिलं आणि लोगन स्टँकोव्हनसह पहिल्या फेरीच्या दोन व तिसऱ्या फेरीच्या दोन निवडी पदरात पाडून घेतल्या. पहिल्या व्यवहारातला तिसरा संघ शिकागो, त्याचा वाटा किरकोळ होता.

खरा फायदा झाला तो पहिल्या व्यवहारात कुठेच नसलेल्या डॅलसचा. ३ मे, बाद फेऱ्यांतल्या पहिल्याच फेरीत डॅलसविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना. तिसऱ्या म्हणजे शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच आम्ही २-० ने पुढे. मग रांतानेनने एक गोल केला. दुसऱ्या वेळी तो जाळ्यामागून वळून आला आणि पक (आइस हॉकीतली चेंडूऐवजीची चकती) आमच्याच बचावपटूच्या स्केटला लागून आत गेला. शेवटच्या काही सेकंदांत, आमचा गोलरक्षक बाहेर काढलेला असताना, रिकाम्या जाळ्यात तिसरा. सहकाऱ्याचा एक धरून डॅलस ४-२. सातव्या सामन्याच्या तिसऱ्या सत्रात हॅटट्रिक यापूर्वी कुणीच केली नव्हती.

माझा मुलगा रांतानेनची ९६ क्रमांकाची जर्सी घालून बसला होता. त्याने ती काढली, घडी घातली आणि विचारलं, "बाबा, हा आपला होता ना?"

आपला,
एक वाचक, डेन्व्हर (अमेरिका)