लाइफलाइनचा अर्ज नावापाशी अडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांकडे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या काही ज्येष्ठांना ‘लाइफलाइन’ या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या तिथल्या सरकारी योजनेतून फोन किंवा इंटरनेटच्या बिलात महिन्याला ९.२५ डॉलरपर्यंत सूट मिळू शकते. मात्र पात्र माणसाचाही अर्ज परत येतो, आणि तो नेहमी उत्पन्नावरून येतो असे नाही.

पात्रता ‘नॅशनल व्हेरिफायर’ ही यंत्रणा तपासते. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (तिथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार अंक ती सरकारी नोंदींशी ताडून पाहते. आपली गाडी अडते ती नावात. भारतीय पासपोर्टवर स्वतःच्या नावालाच वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव जोडलेले असते. एका कार्डावर ते तसेच उतरते, दुसऱ्यावर मधले नाव होते, तिसऱ्यावर गळूनच जाते. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावरचे नाव अक्षर न् अक्षर तसेच भरावे. जन्मतारखेत महिना आधी येतो. सवयीने ०५/०८ लिहिले की ५ ऑगस्टचा ८ मे होतो. अपार्टमेंटचा क्रमांक राहिला तर पत्ता जुळत नाही.

मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा), स्नॅप (अन्नधान्यासाठीची मदत), एसएसआय (गरजू ज्येष्ठ आणि अपंगांना मिळणारी मासिक रक्कम) यांपैकी एखादा लाभ मिळत असेल तर पात्रता त्यावरच ठरते. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मात्र यात चालत नाही. ही गल्लत फार होते. नोंद आपोआप सापडली नाही तर कागद मागतात. त्यावर अर्जदाराचे नाव, योजनेचे नाव, देणारे कार्यालय आणि गेल्या बारा महिन्यांतली तारीख (किंवा पुढची मुदत) हवी. नुसत्या कार्डाच्या फोटोवर तारीख नसेल तर लाभ मंजूर झाल्याचे पत्र जोडावे. कागद देण्याची मुदत ४५ दिवसांची. पात्र ठरल्यावर ९० दिवसांत कंपनी निवडून नाव नोंदवावे लागते, नाहीतर सगळे पहिल्यापासून.

एका कुटुंबाला एकच सवलत. कुटुंब म्हणजे उत्पन्न आणि खर्च एकत्र असलेले लोक, म्हणून नवरा-बायकोने दोन अर्ज करू नयेत. उत्पन्नावरून अर्ज केला तर एकत्र खर्च करणाऱ्या मुलाचा पगारही मोजला जातो, आणि मग दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत बसणे अवघडच. त्यामुळे आई-वडिलांना मेडिकेड असेल तर तोच मार्ग धरावा. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि ओरेगॉनमध्ये अर्जाची पद्धत वेगळी आहे. इंटरनेटच्या बिलात महिना ३० डॉलरपर्यंतची दुसरी सरकारी सवलत (एसीपी) १ जून २०२४ रोजी बंद झाली. तिच्या नावाने अजूनही माहिती मागणारा कुणी भेटला तर फोन ठेवून द्यावा.

खरी अडचण भारतभेटीत होते. या सवलतीतून फुकट मिळणारी मोबाइल सेवा सलग ३० दिवस वापरली नाही तर १५ दिवसांची सूचना येते आणि सेवा थांबते. फोन सुनेकडे ठेवा, तीच महिन्याला एक कॉल करेल, हा सल्ला सर्रास दिला जातो. पण ही सवलत दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. पात्रतेच्या दरवर्षीच्या फेरपडताळणीला ६० दिवस मिळतात. ते पत्र आले तेव्हा तुम्ही पुण्यात असाल, तर घरातल्या कुणीतरी टपाल उघडून कळवायला हवे. मुदत टळली की सवलत जाते आणि परतल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो.

— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी