सही

प्रिय शुभा,

गणेश चवथीपासून तुझ्या तीन मेसेजना मी उत्तर दिलं नाही, रागावली असशील. गुडघा बरा आहे, बीपीची गोळी चालू आहे, ते सोड. तुलाच लिहायला हवं असं काहीतरी झालंय.

दादाने कागद पाठवलेत. बाबांच्या कुळागरातला, त्या सुपारी-जायफळाच्या बागेतला, माझा हिस्सा सोडल्याचे. सोमवारी फोंड्याला सब-रजिस्ट्रारकडे जायचं, माझी सही आणि माझ्या नवऱ्याचीही, कारण आपल्या गोव्यात जावयाच्या सहीशिवाय काम होत नाही. अर्धं आईचं, उरलेल्या अर्ध्यात आम्ही दोघं, म्हणजे माझा चौथा हिस्सा. हे मला या वयात वकिलाकडून समजलं गे! देशभरातल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क २००५ साली मिळाला आणि आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून मुलगा-मुलगी सारखी, आपल्याकडचं हे शाळेत आपण किती अभिमानाने सांगायचो, आठवतं? पण आपल्या कायद्यात हिस्सा सोडायचाही रस्ता आहे आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या बायकाच मी पाहिल्यात, माझ्या दोन्ही आत्या, मोठी मावशी. भावाने बहिणीसाठी सोडला असं एकही घर मला आठवत नाही. तुला आठवलं तर सांग.

दादा वाईट नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "तुला काय कमी आहे, तुझा नवरा कमावतो ना?" आई मागून म्हणाली, चवथीला माहेरी यायला तोंड राहायला हवं बाय.

आणि त्याच आठवड्यात, शुभा, वेर्ण्याला आमच्या लॅबमध्ये इनचार्जची जागा भरली. मी अकरा वर्षं तिथे, ज्या मुलाला मशीन लावायला, रिपोर्ट लिहायला मी शिकवलं त्याला दिली. साहेबांना विचारायला गेले तर म्हणाले, त्याच्यावर घर आहे, तुमचे मिस्टर आहेत ना. दादाचंच वाक्य! समान कामाला समान पगाराचा कायदा १९७६ सालीच आला, म्हणजे मी शाळेतही गेले नव्हते तेव्हा, पण कागदावर कायदा असून बढती दुसऱ्यालाच दिली तर त्याचं मी काय करू? बाहेर येऊन टॉयलेटमध्ये रडले. मग तोंड धुऊन त्या मुलाचाच रिपोर्ट तपासला, चूक होती, सांगितली.

पण मला झोप लागत नाही ती या दोघांमुळे नाही. २००९ साली पणजीच्या कदंबा स्टँडवर आपण भांडलो ते आठवून. तुझे बाबा गेले होते, तू सही करणार नाही म्हणत होतीस, आणि मी भाजीपाव समोर ठेवून तुला म्हटलं, "तुझा नवरा एवढा कमावतो, भावाच्या तोंडचं कशाला काढतेस?" हेच वाक्य, शुभा. तू पाव तसाच टाकून बसमध्ये चढलीस. पुढे वर्षभर बोलली नाहीस आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की शुभाला पैशाची हाव आहे. चुकलं माझं. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं.

तुझं नवीन घर कसं आहे? पुण्याला पाणी येतं का? ईशाच्या अ‍ॅडमिशनचं कळव, आणि पोदेराचे, आपल्या पाववाल्याचे, पोई पाठवू का, की अजून "इथले पाव गोड" म्हणून नाक मुरडतेस?

नवरा म्हणतो, तू सही केलीस तर मी करेन, नाही केलीस तर नाही. बाबांबरोबर सुपाऱ्या वेचल्या त्या मी, जायफळं वाळत घातली ती मी. मला विकायचं नाही गे, नावावर राहू दे एवढंच. पण आईसमोर हे बोलताना आवाज फुटत नाही. तू त्या दिवशी तुझ्या आईला नेमकं काय सांगितलंस? मी तेव्हा विचारलंच नाही.

रविवारी रात्री फोन करते. उचल.

तुझी,
सुमा