चि. शुभीस, कमरेचं दुखणं

चि. शुभी,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस आई कंबर अवघडून गेली, हे आता माझ्याकडं आलेलं रिव्हॉल्व्हर अण्णा कसं काय घेऊन फिरायचे, तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, एकाची सोन्याची लगड टंचाला, म्हणजे शुद्धता बघायला, लावलेली, म्हणून मी नुसतं हं हं केलं. असल्या गोष्टी चारचौघांत फोनवर बोलायच्या नसतात आणि तुला तर सांगायचं बरंच आहे. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर एका बोटानं टायपत बसलेय, चुका झाल्या तर समजून घे.

पहिलं म्हणजे अण्णा घेऊन फिरायचे कसे, तर वैतागून फिरायचे. तुला वाटतं अण्णांना सगळं जमायचं. ९७ साली कानपूरच्या फॅक्टरीतून ते ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा महिनाभर त्यांचं नि त्या होल्स्टरचं भांडणच चाललेलं. सफारीखाली उजव्या कमरेला लावायचे, बाहेर जाताना ठीक, पण आपली पेढी म्हणजे गादीवर मांडी घालून बसायचं काम, मांडी घातली की मूठ बरगडीत घुसायची. मग काढून उशीखाली ठेवायचे. उठून भट्टीकडं गेले की ते उशीखालीच, आणि बाहेर गिऱ्हाईक बसलेलं. यावरून आमचं किती वाजलंय ते तुला माहीत नाही, तू तेव्हा शाळेत.

तर तुला जे होतंय ते नखरे नाहीत, हे आधी सांगते. जावयांनी म्हणे सांगितलं की सवय होईल. होत नाही गं. टोचणारी चप्पल माणूस दारात काढून ठेवतो तसं हे पण टोचायला लागलं की माणूस काढून ठेवतं, टेबलावर, गाडीच्या कप्प्यात, उशीखाली, आणि मग गडबड होते. अंगावर आहे तोवर ते आपल्या ताब्यात.

माझ्याकडं ते २००५ ला आलं. अण्णा गेल्यावर सगळे म्हणत होते पोलिसात जमा कर, बाईमाणसाला काय करायचंय. पण सोनं घेऊन विट्याहून सांगलीला सराफ कट्ट्यावर जायचं होतं मलाच, तुझा भाऊ बाळू तिकडं कोईमतूरला आपली गलाई, सोनं गाळायचं काम, सांभाळत होता, तो काय दर आठवड्याला येणार होता का. अर्ज केला, सगळ्या वारसांच्या सह्या घेतल्या, लायसन माझ्या नावावर झालं. आणि घरी आल्यावर कळलं की साडीला बेल्ट नसतो!

हसू नको. अण्णांचं चामड्याचं होल्स्टर मी परकराच्या नाडीत अडकवलं. सहा गोळ्या भरल्या की ते सगळं मिळून पाऊण किलोच्या आसपास जातं. बँकेपर्यंत चालत गेले नि परत येताना निऱ्या पायात यायला लागल्या, उजवीकडून परकर चार बोटं खाली, एका हातात पिशवी, एका हातानं कमर धरलेली, अशी मी भर बाजारातनं दुकानात आले. नाडी आवळून बांधली तर कमरेला काळा वळ उठायचा, तो अजून आहे.

मग पर्स. तू पण सध्या पर्समध्येच ठेवतेस ना, बरोबर ओळखलं की नाही. कायद्यानं चालतं ते. २०१६ च्या शस्त्र नियमात लिहिलंय की एकतर अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये पाहिजे नाहीतर सॅकसारख्या बॅगेत पाहिजे, पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि तुझ्या ताब्यात पाहिजे. पण पर्स ताब्यात असते कुठं? मोटारसायकलवरचा चोर पहिल्यांदा पर्सलाच हात घालतो, म्हणजे पैसे जातील ते जातील, वर हे पण त्याच्या हातात आपणच दिलं.

आणि एक गोष्ट तुला आजपर्यंत सांगितली नव्हती. २०११ ला तासगावला लग्नाला गेले होते, सांगलीतनं परस्पर, वसुली करून. खरं तर गर्दीच्या कार्यक्रमात न्यायचंच नसतं, लायसनच्या अटीतच आहे, जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार, इथं न्यायचं नाही, पण वाटेत ठेवायला जागा नव्हती, आणि मी म्हटलं अक्षता टाकून निघायचंय. पंगतीत बसले, पर्स शेजारच्या खुर्चीवर. वाढप्यानं जिलेबी आणली म्हणून वळले, परत बघते तर एक तीन-चार वर्षांचं पोर खुर्चीला टेकून पर्सची चेन ओढतंय, त्याला वाटलं आत चॉकलेट असेल. अर्धी उघडली होती. मी पर्स उचलली, त्या पोराच्या आईला वाटलं ही म्हातारी किती खडूस. माझे हात त्यानंतर तासभर थरथरत होते, गाडीत बसून रडले. त्या दिवसापासून पर्समध्ये एकदाही ठेवलं नाही. तू पण आजपासून बंद कर, ह्यावर चर्चा नको.

मधे एकदा पाठीत, मणक्याजवळ ठेवून बघितलं, एसटीच्या सीटला टेकल्यावर तासगाव येईपर्यंत जीव जायचा, शिवाय आमच्या गल्लीतली एक स्कूटीवरून पाठीवर पडली तेव्हा माझ्या डोक्यात आलं की तिथं माझ्या मणक्यावर लोखंड असतं तर. खांद्यातनं पट्टे येतात तसलं पण आणलं, थंडीत स्वेटरखाली छान, पण आपल्याकडं थंडी किती दिवस! मे महिन्यात ब्लाऊजवर पट्टे, पट्ट्यांखाली घामोळं. दोन उन्हाळ्यांत नळीवर गंजाचे ठिपके आले तेव्हा ते काढलं.

२०१४ ला पेपरात आलं होतं, कानपूरनं बायकांसाठी म्हणून निर्भीक नावाचं काढलंय, ५०० ग्रॅमचं, दागिन्याच्या डबीसारख्या डबीत मिळतं. किंमत सव्वा लाखाच्या घरात. डबी बघून मला हसूच आलं, सराफाच्या बायकोला डबीचं काय कौतुक. वजन कमी झालं असतं हे खरं, पण माझी अडचण वजनाची नव्हतीच, ते धरून ठेवणारं काही नव्हतं ही होती.

ते मिळालं आठेक वर्षांपूर्वी, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्यानंतर. पोटाला तो रुंद इलॅस्टिकचा पट्टा दिला होता ना, आठ इंची, मागं चिकटपट्टीचा, तो घालून दुकानात बसायचे नि एक दिवस लक्षात आलं की हा कुठंच टोचत नाही, घसरत पण नाही, कारण वजन एका नाडीवर न येता सगळ्या कमरेवर वाटलं जातं. मग आपल्या चपलावाल्या मामांकडून जाड चामड्याचं एक घर करून घेतलं. बंदूक दाखवली नाही, लाकडाचा साचा नेला होता, सुतार बिचारा मला म्हणाला नातवाला खेळणं का. ते घर पट्ट्याला आपल्या मशीनवर जीन्सच्या कापडाच्या अस्तरासकट शिवलं, तीन सुया मोडल्या. ह्यात दोन गोष्टी बघायच्या. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, बोट काय, कापडाचा दोरासुद्धा आत जायला नको, नुसतं इलॅस्टिकमध्ये खोचून चालत नाही, मऊ कापडातनं चाप दाबला जातो. आणि दुसरं, घोड्याचं टोक, ते जरीत अडकतं. माझी एक इरकल फाटली त्यानं. म्हणून वरून चामड्याची जीभ आहे, अंगठ्यानं सुटते.

आता साडीत कुठं, तर उजव्या कुशीला, पण जरा पुढं. डावी कुस उघडी असते, उजवीवरून पदर जातो. पदर पिनांनी घट्ट बांधायचा नाही, डाव्या हातानं त्याची खालची कड वर घेतली की उजवा हात आत. पण तू साडी वर्षातनं चारदा नेसतेस, तुझं काम ड्रेसवर, आणि ड्रेसचं गणित वेगळं. लेगिंगला काही अडकवू नको, पट्टा आतनं शमीजवर घाल, थेट अंगावर नको. कुर्त्याची उजवी चीर थोडी वरपर्यंत उसवून घे म्हणजे हात जातो, पण स्कूटीवर वाऱ्यानं कुर्ता उडतो, तेव्हा आत लांब शमीज पाहिजेच, नाहीतर सिग्नलला सांगलीतल्या सगळ्या विश्रामबागला दिसेल. साध्या एका रंगाच्या पातळ कॉटनवर आकार उठून दिसतो, ठसठशीत छापाच्या कापडावर नजर ठरत नाही. तो तुझा पांढरा चिकन कुर्ता मात्र दुकानाच्या दिवशी विसर. जीन्स घालशील तर पॅन्ट एक साईज मोठी आणि बेल्ट दुहेरी चामड्याचा, फॅशनचा मऊ बेल्ट वजनानं वळतो नि मूठ बाहेर झुकते. सारखा हात लावून चाचपायचं नाही, तुला ती सवय लागलीय, परवा घरी आलीस तेव्हा दहा वेळा हात गेला. पिशवीत पैसे असलेला माणूस असाच ओळखू येतो.

गाडी चालवताना अगदी बाजूला असेल तर सीटची कड लागते, म्हणून बसायच्या आधी पट्टा दोन बोटं पुढं सरकव, आणि सीटबेल्ट त्याच्या खालून घे, वरून नको.

ओवीच्या शाळेचं तू विचारलं नाहीस पण मी काल रात्री तेच डोक्यात घेऊन झोपले. आठवड्यातनं तीन दिवस तू विट्याहून परत जाताना तिला शाळेतनं घेतेस. शाळेच्या आवारात न्यायचं नाही, मग काय करणार, गाडीत ठेवून जाणार? अजिबात नाही. आधी घरी जायचं, तिजोरीत ठेवायचं, मग शाळेत, वीस मिनिटं उशीर झाला तर होऊ दे, बाईंना सांगून ठेव. आणि म्हणूनच पट्टा मला आवडतो, मागची चिकटपट्टी ओढली की घरासकट सगळं एकदम निघतं, रिव्हॉल्व्हरला हात न लावता तसंच तिजोरीत. दिवसातनं चारदा ते बाहेर काढून आत घालायचं झालं तर एखाद्या दिवशी बोट चुकीच्या जागी जाणारच. रात्री मात्र चामड्यात ठेवून झोपायचं नाही, चामडं घाम धरतं. सहा गोळ्या स्टीलच्या वाटीत मोजून काढायच्या, कोरड्या फडक्यानं पुसायचं, तेलाचा नुसता हात फिरवायचा आणि सुती कापडात. गोळ्या वेगळ्या कप्प्यात, ओवीच्या हाताला लागणार नाही अशा, किल्ली तुझ्याच गळ्यात.

सराव करशील तो वाटीत सहा मोजून झाल्यावरच, दार लावून, ओवी झोपल्यावर. साडीवर वेगळा, ड्रेसवर वेगळा, बसून वेगळा. ट्रेनिंगला तुम्हाला उभं राहून शिकवलं, पण आपण दिवसातले आठ तास बसलेलो असतो. मला वीस वर्षांत एकदाही ते खऱ्या कामाला काढायची वेळ आली नाही, देवाची कृपा, निवडणुकीला पोलीस स्टेशनात जमा करायला तेवढं काढलं, २०२४ ला तर लोकसभा नि विधानसभा, वर्षात दोनदा. पावती जपून ठेवायची, परत घेताना नंबर स्वतः वाचायचा.

एक राहिलंच. खंडेनवमीला पूजा मांडशील तेव्हा हळदीकुंकू डबीला लाव, त्याला नको. एका वर्षी मी भक्तीनं चांगलं बोटभर लावलं, कुंकू चक्रात गेलं, फिरताना करकर वाजायला लागलं, साफ करायला दोन दिवस गेले. आणि दसऱ्याला पालख्यांची शर्यत बघायला येशील तर ते सांगलीतच ठेवून ये, गर्दी तुला माहीत आहे.

कागदाचं काय काय झालं ते एकदा मला दाखव. सत्तरी झाली की वारसाला देता येतं म्हणून ह्या वेळी सोपं गेलं, नाहीतर तुला माझी लायसनची पंचवीस वर्षं भरेपर्यंत किंवा मी मरेपर्यंत थांबावं लागलं असतं, हे मी त्या क्लार्कला म्हटलं तर तो गोंधळूनच गेला. बाळूनं ना-हरकतीची सही कोईमतूरवरनं वेळेत पाठवली, त्याला फोन कर, मेसेज नको.

रविवारी ये. माझा पट्टा धुऊन वाळत घातलाय पण तो तुला सैल होईल, नवीन शिवू, मशीनला तेल घालून ठेवते. माप जेवण झाल्यावर आणि बसून घ्यायचं, उपाशीपोटी उभं राहून घेतलेलं संध्याकाळपर्यंत काचायला लागतं. आणि पट्टा सांगलीतल्याच मेडिकलमधनं आण, आठ इंची, इथं विचारला तर संध्याकाळपर्यंत सगळं विटा मला भेटायला येईल, ऑपरेशन कुणाचं म्हणून.

तुझी आई